हात की पिस्तूल

आनंदीताईंनी एअर पिस्तुलाच्या मुठीभोवती जुन्या टॉवेलची घडी गुंडाळली, ते बाकावरच्या लोखंडी व्हाइसमध्ये बसवलं आणि दांडा पिळून घट्ट आवळलं.

"छिद्रं एका जागी पडली, तर दोष माझ्या हाताचा. मग उद्यापासून मी येत नाही. संघातली जागा दुसऱ्या कुणाला द्या."

कोथरूडच्या त्या नेमबाजी क्लबचा प्रशिक्षक केयूर याने समोर निशाण्याचा कोरा कागद लावला. ज्येष्ठांच्या स्पर्धेसाठी नावं आज संध्याकाळपर्यंत पाठवायची होती आणि आनंदीताईंचे छर्रे गेले काही महिने कागदभर भटकत होते. आता वय झालं, हे सगळ्यांनी आपापल्या परीने सुचवून झालं होतं. केयूरने घुटमळत सुचवलं. यजमानांनी, श्यामरावांनी, रोज सकाळी चहाचा कप हातात देताना सुचवलं. श्यामराव लेखापरीक्षणातून निवृत्त झालेले. दुसऱ्यांच्या चुका काढण्याचा पगार थांबला होता, काम बिनपगारी चालू होतं.

"अगं, माझ्याकडून कप घेतेस तेव्हा बशी वाजते," मागच्या खुर्चीवरून ते म्हणाले. "पिस्तुलावर कशाला ढकलतेस? एवढी निगा घरात माझीसुद्धा होत नाही. शिवणयंत्राचं तेल मी स्वतः घालतो त्यात."

"शाळेच्या प्रयोगशाळेत मुलांना मी हेच सांगायचे. आधी उपकरण तपासा, मग निष्कर्ष."

त्यांनी छर्रा भरला आणि चाप ओढला. पुन्हा भरला, पुन्हा ओढला. टप्, टप् असा कोरडा आवाज होत राहिला. मग केयूर कागद काढून घेऊन आला. येताना त्याची पावलं जरा भरभर पडत होती.

लग्नाच्या हॉलमध्ये रुसलेले नातेवाईक बसतात, तशी छिद्रं एकमेकांपासून लांब लांब बसली होती.

आनंदीताईंनी कागद उजेडात धरला. तो जराही हलत नव्हता.

"अहो," त्या नवऱ्याकडे न बघता म्हणाल्या, "या व्हाइसचंही वय झालं का?"

केयूरला हसू आवरेना. श्यामरावांनी चष्मा पुसायला काढला.

पिस्तूल मग बाकावरच उघडलं गेलं. नळी जिथे मागच्या भागाला येऊन भिडते, तिथलं रबरी वॉशर कडेने खाल्लं गेलं होतं. हवा तिथूनच निसटत होती. शेजारची खीळही झिजलेली, त्यामुळे नळी सांध्यात डुलत होती. आणि त्या सगळ्यावर लालसर, चिकट लेप बसला होता.

"गंज," केयूर म्हणाला.

आनंदीताईंनी लेप चिमटीत चोळला, नाकाशी नेला आणि सावकाश श्यामरावांकडे वळल्या.

"दर खंडेनवमीला पूजा कोण करतं हो याची?"

"शस्त्रपूजा आहे ती! हळदकुंकू वाहायला नको?"

"वाहावं ना. वर तेलही घालावं, म्हणजे कुंकू आतपर्यंत पोचतं. तुमच्या भक्तीने सांधा खाल्ला आणि शेरा माझ्या हातावर मारलात."

श्यामरावांना छताचा पंखा फार निरखण्यासारखा वाटू लागला.

क्लबच्या कपाटात त्याच जातीचं एक निकामी पिस्तूल पडून होतं. त्याचं वॉशर आणि खीळ केयूरने काढून याला बसवली. आनंदीताई रेषेवर उभ्या राहिल्या, डावा हात खिशात, उजवा सरळ पुढे. या वेळी छिद्रं इतकी जवळ जवळ पडली की कागदाच्या मधोमध एकच फाटका तुकडा लोंबू लागला.

"नाव पाठवतो," केयूर म्हणाला.

"ठळक अक्षरांत पाठव."

स्पर्धेतलं रौप्यपदक त्यांनी मुद्दाम शिवणयंत्राच्या चाकाला अडकवून ठेवलं.

खंडेनवमीला श्यामरावांनी पाट मांडला. त्यावर सुरी, अडकित्ता, स्क्रू ड्रायव्हर ठेवले. मधली जागा रिकामी होती.

"पिस्तूल?" त्यांनी विचारलं.

"पेटीत आहे, पेटीतच राहील. यंदा याला लावा." आनंदीताईंनी आपला उजवा हात पाटावर पालथा ठेवला.

श्यामराव चष्मा सारखा करून पुढे झुकले. मग त्यांनी बोट कुंकवात बुडवलं आणि टिळा सरळ ओढायला गेले. तो थरथरत वाकडा उतरला. पाटावरचा हात जागचा हलला नव्हता.

दोघांनीही ते पाहिलं, आणि रोज सकाळी वाजणारी बशी दोघांनाही आठवली.

"पुन्हा लावा," आनंदीताई म्हणाल्या, आणि डाव्या हाताने त्यांनी श्यामरावांचं मनगट अलगद धरलं.