सावकाश जगण्याचा कोपरा

मी खुर्ची बोलतेय. वेताची, दोन हातांची, पाठीकडे जरा कललेली. भोपाळच्या बाग सेवनियात, तिसऱ्या मजल्यावरच्या एका पूर्वेच्या बाल्कनीत मी असते. माणसांना वाटतं, खुर्चीला काय कळतं. मला तुमचं वजन कळतं. कोण अंग सैल सोडून बसलं आहे आणि कोण नुसतं टेकलं आहे, हे मला तुमच्या घरच्यांच्या आधी कळतं.

माझा जन्म याच शहरात, कोटरा सुल्तानाबादच्या रस्त्याकडेला झाला. वेतकाम करणारं एक कुटुंब तिथे ताडपत्रीखाली बसायचं. म्हाताऱ्याने वेत पाण्यात भिजवला, वाकवला, आठ दिवस लावून मला विणलं. गिऱ्हाईक घाई करू लागलं की तो म्हणायचा, "भैया, जल्दी चाहिए तो प्लास्टिक की ले लो." मला त्याचा अभिमान वाटायचा. तेव्हा मी नवी होते. पुढे कुणाच्या घरी जायचं आहे ते मला ठाऊक नव्हतं.

मला घेतलं मनोहररावांनी. नागपूरचा माणूस, गोविंदपुऱ्यात एका कारखान्यात सुपरवायझर होते. सकाळच्या पाळीहून आले की माझ्यावर बसत आणि पाय कठड्याला लावत. निवृत्त झाल्यावर तर दिवसभर बसू लागले. माणूस वाईट नव्हता. पण एकतीस वर्षं ते बसले आणि एकतीस वर्षं त्यांची बायको कमलिनी माझ्या डाव्या हाताशी उभी राहिली. चहा द्यायला उभी, कप न्यायला उभी, मुलाच्या परीक्षेबद्दल बोलायलाही उभी. एकदा तिने माझ्या पाठीला हात टेकला, तर ते म्हणाले, "दमलीस का?" ती म्हणाली, "छे, कुठे." मला हसावं की रडावं कळेना. दोघांनाही तो संवाद पुरला.

मनोहरराव गेले त्याला आठ वर्षं झाली. नंतर वर्षभर माझ्यावर कुणी बसलं नाही. मुलगा शैलेंद्र येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, ही बाबांची खुर्ची. रोज फडकं मारलं जाई आणि सगळे वळसा घालून जात. माणसं जिवंत माणसाला जागा देत नाहीत आणि गेलेल्याची जागा मोडत नाहीत. वर्षश्राद्धानंतर एका सकाळी कमलिनी कापसाची पिशवी घेऊन आली आणि माझ्यावर बसली. म्हणजे टेकली. दवाखान्यात नंबर लागायची वाट बघत बसतात तशी, काठावर. शैलेंद्रने दारातून पाहिलं आणि म्हणाला, "आई, ती बाबांची..." ती खाली बघतच म्हणाली, "माहीत आहे मला. तेव्हा मी उभी होते."

पूर्ण पाठ टेकायला तिला तीन महिने लागले.

ती करत होती लक्षवात. लग्नाच्या पहिल्या वर्षी तिने देवापुढे बोलून ठेवलं होतं की एक लाख फुलवाती हाताने करीन आणि त्रिपुरी पौर्णिमेला देवळात उजळीन. मग मूल झालं, सासरे अंथरुणाला खिळले, डबे, पाहुणे, शिकवण्या, आणि ते राहून गेलं. आता तिची नागपूरची बहीण मालती कापूस पाठवायची. पावसाळ्यात कापूस दमट असतो, म्हणून नवरात्र लागलं की काम सुरू. सकाळी साडेसात ते साडेनऊ. सरकी वेचायची, कापूस पिंजायचा, चिमूटभर घेऊन पाकळी करायची, टोकाला दुधाचं बोट लावून पीळ द्यायचा. ती काही बोलत नसे, काही ऐकत नसे. समोरच्या कडुनिंबावर पोपट ओरडत, ऊन कठड्यावरून तिच्या गुडघ्यांवर यायचं. एवढंच. सात वर्षं असं चाललं. घरात कुणालाही ते दिसलं नाही, कारण त्याला कुणी नाव दिलेलं नव्हतं.

यंदा शेवटच्या सहा हजार राहिल्या होत्या. डॉक्टरांनी सांगितलं होतं की बोटांचे सांधे धरत चालले आहेत. मालतीशी फोनवर बोलताना कमलिनी म्हणाली, "या त्रिपुरीला झालं तर झालं गं. पुढच्या वर्षी ही बोटं वळतील असं मला वाटत नाही." तिने ते आणखी कुणाला सांगितलं नाही. मी ऐकलं.

आणि त्याच आठवड्यात रसिकेला सावकाश जगायचं सुचलं.

रसिका म्हणजे शैलेंद्रची बायको. तिच्यावर मी अन्याय करणार नाही. ती घरूनच एका कंपनीचं काम करते, सकाळी नऊपासून कानात बोळे घालून बोलत असते, आणि तिला झोप येत नाही. केस गळतात. हे सगळं खरं आहे. कुणीतरी तिला मोबाइलवर एक यादी पाठवली: शरद ऋतूत मन शांत ठेवण्याच्या सवयी. घोंगडीत गुरफटून बसा. मेणबत्ती लावा. गळणारी पानं निरखा. गरम पेय दोन्ही हातांत धरा. कृतज्ञतेची वही लिहा. यादी कुठल्या देशातल्या बाईने लिहिली होती देव जाणे, पण ती भोपाळला आली आणि जशीच्या तशी अमलात आली. शिवाय रसिकेने ठरवलं, चाळीस दिवस, रोज एक सवय, रोज एक व्हिडिओ.

नवरात्राच्या दुसऱ्या माळेला ती गोड आवाजात म्हणाली, "आई, बाल्कनीचा हा कोपरा मला थोडे दिवस हवा होता. उजेड मस्त येतो ना इथे. तुम्ही आत बसाल?"

कमलिनी उठलीसुद्धा. "घे की. मला काय, कुठेही बसते मी."

माझा राग रसिकेवर जेवढा आहे, त्याहून जास्त या वाक्यावर आहे. कुठेही बसते म्हणे. अडुसष्ट वर्षांत हिला बसायला एक जागा मिळाली, तीही विचारताक्षणी देऊन मोकळी.

मग कोपरा तयार झाला. पहिली अडचण पानांची. भोपाळात नवरात्रात पानं गळत नाहीत, हे शेजारच्या चार वर्षांच्या पोरीनेही सांगितलं असतं. पाऊस नुकताच संपलेला, झाडं हिरवीगार, कडुनिंबाला पानगळ होते ती फाल्गुनात. शैलेंद्रला वाळकी पानं आणायला पाठवलं. तो कॉलनीभर फिरला आणि पिशवीत सात पानं घेऊन आला, त्यातली चार बदामाची आणि तीन किडकी. शेवटी प्लास्टिकची मागवली. नारिंगी, पाच टोकांची, ज्या झाडाची ती पानं आहेत ते झाड या घरात कुणी जन्मात पाहिलेलं नाही. ती माझ्या पायांशी पसरली आणि रोज सकाळी झाडू मारताना गोळा करून पुन्हा तशीच पसरायचं काम कमलिनीकडे आलं.

मग घोंगडी. बाहेर तेहतीस डिग्री. क्वारच्या, म्हणजे आश्विनाच्या, उन्हात इथे म्हशीसुद्धा सावली सोडत नाहीत, आणि रसिका लोकरीत गुंडाळून माझ्यावर बसली. घाम यायला लागला म्हणून टेबलफॅन लावला. फॅनने मेणबत्ती विझली. म्हणून बॅटरीची मेणबत्ती आणली. तिचा सेल संपला म्हणून शैलेंद्र पुन्हा खाली. शांततेसाठी एवढी धावपळ मी मनोहररावांच्या कारखान्याच्या गोष्टींतही ऐकली नव्हती.

मोबाइल तर दर दोन तासांनी गजर द्यायचा की श्वास घ्या. रसिका मीटिंगमध्ये असली तर ओरडून सांगायची, "अहो, तो बंद करा ना कुणीतरी." शैलेंद्र कणकेच्या हातांनी तो बंद करायला धावायचा.

व्हिडिओ मनासारखा होईपर्यंत रोज चौदा-पंधरा वेळा ती कप उचलायची आणि ठेवायची. चहा तुळशीचा की गवताचा, तिला तो आवडायचा नाही. तो तोपर्यंत थंडगार झालेला असे. खालच्या मजल्यावरच्या मीनाताई एकदा विरजण मागायला आल्या, दारातच उभ्या राहून बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "कमलिनीताई, हमारे यहाँ गरम चहा प्यायला टाइम नाही, आणि तुमच्याकडे थंड करून प्यायला आहे. नशीबवान हो बाई." कमलिनीने विरजणाची वाटी भरून दिली.

व्हिडिओ झाला की उशी फुगवून, घोंगडीची घडी तिरकी टाकून रसिका आत जायची. नंतर दिवसभर माझ्यावर कुणी बसायचं नाही, बसलं तर मांडणी बिघडते. सावकाश बसण्यासाठी केलेल्या कोपऱ्यात बसायची मनाई. मी घरातली सर्वांत सुंदर आणि सर्वांत निरुपयोगी वस्तू झाले.

आणि कमलिनी मागच्या खोलीत, ट्यूबलाइटखाली, खाटेवर. खाटेला पाठ नाही. तिथे उजेड असा की कापसात सरकी राहिलेली दिसत नाही. दीडशेच्या जागी चाळीस वाती होऊ लागल्या, त्याही वाकड्या. मालतीचा फोन आला तेव्हा ती म्हणाली, "राहील बहुतेक. देवाला काय, तो मोजत बसतो का." आवाज बाल्कनीपर्यंत येत होता. अशा आवाजात बायका जे बोलतात ते त्यांना स्वतःला पटलेलं नसतं.

कोजागिरी झाली. त्यानंतर आठवड्याने व्हिडिओखाली कुणीतरी लिहिलं की हाताने करायचं एखादं जुनं काम दाखवा, मनाला फार शांत वाटतं. रसिका घरभर बघत फिरली आणि तिला मागच्या खोलीत सासू सापडली.

"आई, हे किती सुंदर आहे. आपण हेच दाखवू या. या ना बाहेर."

एकवीस दिवसांनी कमलिनी माझ्यावर बसली. घोंगडी बाजूला सारली आणि पाठ टेकली, पूर्ण. तिने कापूस मांडीवर घेतला, उन्हात धरून बघितला आणि सरकी काढू लागली. एक, दोन, तीन. मग चिमूट घेतली.

"आई, सॉरी, ते बी काढायचं नको दाखवायला. डायरेक्ट वात करा."

तिने डायरेक्ट वात केली.

"थोडं जल्दी होईल का? तीस सेकंदांचाच व्हिडिओ असतो. चार-पाच वाती दिसल्या तर बरं."

"मोबाइलमध्ये करता येतं ना फास्ट?" कमलिनीने विचारलं.

"ते मग नॅचरल वाटत नाही."

कमलिनीने भरभर केलं. पहिली वात तुटली. दुसरीला पीळ बसला नाही. तिसऱ्या वेळी दुधाची वाटी कलंडली आणि नारिंगी पानांवर दूध सांडलं. रसिका म्हणाली, "राहू दे, राहू दे, परत करू. आई, फक्त चेहरा शांत ठेवा आणि हात पटापट चालवा."

कमलिनीने हात मांडीवर ठेवले. तिचं वजन माझ्यावर एकदम बदललं. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. ती जड झाली.

"रसिका," ती म्हणाली, "चाळीस वर्षं मी या घरात सगळं पटापट केलं. तुझ्या सासऱ्यांचा डबा, शैलूची शाळा, सगळं. हे एकच काम मी सावकाश करते. हे पटापट होणार नाही."

"अहो आई, मी आपली व्हिडिओपुरतं म्हणत होते."

"कळलं मला. बंद कर तो. आणि मी आता इथून उठणार नाही. मला त्रिपुरीच्या आत पाच हजार करायच्या आहेत, आणि माझी बोटं जातायत. तुझी पानं तेवढी उचल, पाय घसरतो."

रसिका उभी राहिली. म्हणाली, माझे अजून एकोणीस दिवस बाकी आहेत.  कमलिनी सांडलेलं दूध पदराने टिपत होती. मग तिने नवी चिमूट घेतली आणि उन्हात धरली.

त्या दिवशी ती दुपारच्या बारापर्यंत उठली नाही. शैलेंद्रने स्वयंपाकघरातून विचारलं, आज भाजी काय? तिने सांगितलं, फ्रीजमध्ये भोपळा आहे, विळीला धार आहे.

पुढचे चार दिवस रसिका रुसली होती. पाचव्या दिवशी मोबाइलने श्वास घ्यायचा गजर दिला, तिने तो बंद केला आणि बाल्कनीत येऊन उंबऱ्यावर बसली. दुसरी खुर्ची नव्हती. तिने विचारलं नाही, कमलिनीने बोलावलं नाही. थोड्या वेळाने तिने कापसाचा एक गोळा ओढून घेतला आणि सरकी वेचू लागली. मग वात करून बघितली. काय ती वात! जाडजूड, खडूसारखी. पेटवली तर उजेडापेक्षा धूर जास्त व्हायचा. कमलिनीने ती हातात घेऊन सगळीकडून पाहिली आणि म्हणाली, "ही देवळात नको. घरी लावू." दोघी हसल्या. मीही हसले असते, पण माझ्या हसण्याला माणसं कुरकुर म्हणतात आणि लगेच सुतार शोधतात.

आता तेच झालं आहे. माझ्या बैठकीचा वेत मधोमध तुटू लागला आहे. काल कमलिनी उठली तेव्हा दोन पेड एकदम सुटले. शैलेंद्रने वाकून पाहिलं आणि म्हणाला, येत्या रविवारी विणायला देऊन टाकतो, आठ दिवसांत नवी होऊन येईल. बिचाऱ्याला वाटतं, तो आईचं भलं करतो आहे. कमलिनी "बरं" म्हणाली. तिची ती सवय काही एका दिवसात जाणार नाही.

म्हणून मी तुम्हाला सांगते आहे, तिला सांगून उपयोग नाही. भाऊबीज झाली. पौर्णिमेला अकरा दिवस उरले आहेत आणि वाती अजून दोन हजार. मला नवं करू नका. मला रंगवू नका, उशी देऊ नका, माझ्या पायांशी काही पसरू नका. माझे सत्तावीस पेड अजून शाबूत आहेत, मी ते घट्ट धरून ठेवले आहेत. पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी खुशाल माझा वेत सोलून काढा. तोवर ही बाई बसली आहे. तिला उठवू नका.