सूनबाईंनी आणलेला गाडा

मित्रांनो, मी एक जुना ट्रेलर आहे, होडी वाहून नेणारा. आणि आधीच सांगून टाकतो, मला इंजिन नाही. स्वतःहून मी तसूभरही हलत नाही. कोणीतरी पुढे गाडी जोडावी, पाठीवर होडी चढवावी, तेव्हा कुठे मी कामाचा. घरातले सगळे मला नुसते 'गाडा' म्हणतात. नाव काही झोकदार नाही, पण मला ते फार आवडते. ज्यांनी ते दिले त्यांनीच मला जगवले आहे.

माझा जन्म एका छोट्या कारखान्यात झाला. लोखंड कापले, जोडले, निळा रंग फासला, दोन चाके लावली, झाला ट्रेलर. समुद्राकाठच्या एका विश्रामगृहाच्या मालकाने मला विकत घेतले. त्याची इंजिनाची सपाट बुडाची होडी मी रोज पाण्यात नेई आणि संध्याकाळी परत आणी. पाहुणे माझे कौतुक करत. "काय दणकट ट्रेलर आहे हो!" असे कोणी म्हटले की मी आपला फुगून बसे. पण खाऱ्या पाण्यातून बाहेर आल्यावर माझ्या अंगावर कधी गोड्या पाण्याची एक बादली पडली नाही. मीठ अंगात मुरत गेले. मालकाने होडी विकली तेव्हा घेणाऱ्याने मला बघून नाक मुरडले. मग मी भिंतीच्या कडेला पडून राहिलो. माझ्यावर विटा रचल्या गेल्या, विटांवर गवत उगवले. एका कोंबडीने माझ्या मडगार्डमध्ये अंडी घालायला सुरुवात केली. खरे सांगतो, त्या काळात तेवढीच माझी विचारपूस करणारी होती.

शेवटी मी भंगारवाल्याकडे आलो. तिथे लोखंड कापायचा गॅस रोज पेटायचा. माझ्या शेजारचे फाटक एके दिवशी कापले गेले, नंतर पलीकडची पाण्याची टाकी. पुढचा नंबर माझा, हे मला सांगायला कोणी नको होते.

त्याच दिवसांत सूनबाई तिथे आल्या. त्या शिवणकाम करतात. मशीनचे चाक मोडले म्हणून जुने चाक शोधत त्या आल्या होत्या, आणि मला अडखळून जवळजवळ पडल्याच.

"हे काय आहे?" त्यांनी गुडघा चोळत विचारले.

"होडीचा ट्रेलर होता, बाई," भंगारवाला म्हणाला. "आता नुसतं लोखंड आहे. उद्या कापणार."

"नका कापू," सूनबाई म्हणाल्या. "मी नेते."

का नेते, ते मला घरी पोचल्यावर कळले. घरामागच्या पडवीत एक होडी उभी होती. सूनबाईंचे सासरे, म्हणजे बाबा, जन्मभर सुतारकाम करत आले. दुसऱ्यांची दारे-खिडक्या करून उरलेल्या वेळात त्यांनी ही एक होडी स्वतःसाठी केली होती. होडी पूर्ण झाली आणि बाबांचे डोळे मात्र उतरणीला लागले. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितले होते की यावर औषध नाही, नजर हळूहळू जाणार. बाबांचे मागणे एकच होते. दिसते आहे तोवर ती होडी पाण्यावर तरंगताना एकदा बघायची. तळे लांब, होडी जड, आणि नवा ट्रेलर घेण्याची ऐपत नव्हती.

सूनबाईंचे यजमान बसड्रायव्हर आहेत. त्यांनी मला दारात पाहिले आणि कपाळाला हात लावला. "अगं, मशीनचं चाक आणायला गेलीस ना तू?"

"आणली की चाकं! एक मागितलं, दोन आणली."

"आणि त्यांच्यामधलं हे सगळं?"

"ते तुमच्यासाठी. सुट्टी आहे ना उद्या?"

ड्रायव्हरसाहेबांची सुट्टी अशी कामी आली. सूनबाईंचा धाकटा भाऊ वेल्डर आहे. तोही हातोडा घेऊन हजर झाला. त्याने माझ्या अंगावर टोकापासून टोकापर्यंत हातोडा वाजवत नेला. 'ठण्ण' आवाज आला की पुढे सरकायचा. 'थप्प' आला की खडूने फुली मारायचा. फुल्या बऱ्याच झाल्या. मला तर लाजच वाटली. पण तो म्हणाला, "ताई, कणा चांगला आहे याचा. फासळ्या तेवढ्या बदलू." तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

नवे लोखंड आणायचे नाही असे ठरलेलेच होते. मग घरातली मोडकी लोखंडी खाट बाहेर निघाली आणि तिचे अँगल माझ्या फासळ्या झाले. टायर कुठल्याशा मोटारीचे, अजून नक्षी शाबूत असलेले. गंज तारेच्या ब्रशने खरवडून काढला. त्या गुदगुल्या मी जन्मात विसरणार नाही. काटकसर सगळीकडे झाली, एक जागा सोडून. चाकांच्या आत बेअरिंग असतात, गोळ्यांची कडी, जिच्यावर चाक फिरते. तिथे हा वेल्डर मेहुणा हटून बसला. "बाकी सगळं जुनं चालेल, भाऊजी, पण बेअरिंग नवीनच. इथे चिकूपणा केलात तर वाटेत चाक पुढे जाईल आणि आपण मागे." ड्रायव्हरसाहेबांनी कुरकुर केली, पण आणली नवीन. हाताने दाबून दाबून त्यांत ग्रीस भरले. मित्रांनो, कितीतरी वर्षांनी माझी चाके आवाज न करता फिरली. मला रडू यायचे तेवढे बाकी होते.

आता खरी पंचाईत पुढे होती. मी सपाट बुडाच्या होडीसाठी केलेला आणि बाबांची होडी गोल पोटाची. ती माझ्यावर बसायची तर त्या पोटाच्या आकाराच्या लाकडी बैठका हव्या होत्या. बाबांना टेपवरचे आकडे दिसत नव्हते. सूनबाई म्हणाल्या, "बाबा, माप मी घेते. माणसांची घेते तशीच." त्यांनी जुन्या चादरी होडीच्या पोटाला ताणून चिकटवल्या, खडूने रेघा ओढल्या आणि कात्रीने आकार कापला. गिऱ्हाइकाला म्हणतात तसे मधूनच होडीलाही म्हणाल्या, "जरा सरळ उभी राहा गं." त्या कापडावरून फळ्यांवर आखणी झाली, ड्रायव्हरसाहेबांनी करवत चालवली आणि बाबांनी हाताने चाचपत कडा तासल्या.

मग सगळ्यांनी मिळून होडी माझ्यावर चढवली. आणि ती बैठकीत सैल! धक्का दिला की डुलायची. सगळे एकमेकांकडे बघू लागले. ड्रायव्हरसाहेबांनी तिसऱ्यांदा टेप लावला. मेहुण्याने होडीला दोष दिला. बाबांनी मात्र फळी आणि होडी यांच्यामध्ये बोट घातले आणि ते बोट सगळीकडून फिरवून आणले. पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे, फट सगळीकडे सारखी. ते हसायलाच लागले.

"सूनबाई, होडीला शिलाई घालायची होती का?"

सूनबाईंचा चेहरा उतरला. आयुष्यभराची सवय! कापड कापायचे तर शिवणीसाठी बोटभर जास्त सोडायचे, हे त्यांच्या हातात इतके भिनले होते की होडीसाठी कापतानाही त्यांनी ते सोडले होते. "आता नवीन फळ्या कुठून आणायच्या?" म्हणून त्यांचे डोळे भरून आले.

"नवीन कशाला?" बाबा म्हणाले. "जुनी सतरंजी आण. तिच्या दुहेरी पट्ट्या ठोकू. बरं झालं की! उघड्या लाकडाने माझा रंग खरवडला असता." सतरंजी बसली आणि तिच्यावर होडी अशी बसली की जणू गादीवरच. आजतागायत तिच्या पोटावर ओरखडा नाही.

आणखी एक गंमत सांगायची राहिली. होडीचे वजन मागे जास्त होते. मला गाडीला जोडण्याआधी मेहुणा माझ्या पुढच्या दांड्यावर ऐटीत बसला. ड्रायव्हरसाहेबांनी माझ्या शेपटीखालचा टेकू काढला, तशी माझी शेपटी खाली गेली, नाक वर गेले, आणि नाकाबरोबर मेहुणाही. "अरे, उतरवा मला!" तो वरून ओरडत होता आणि ड्रायव्हरसाहेब हसत हसत खाली बसले होते. उतरल्यावर त्याने माझी चाके थोडी मागे सरकवून बसवली. ट्रेलरच्या नाकावर थोडे वजन असावेच लागते, नाहीतर तो रस्त्यावर शेपूट हलवत सुटतो.

तळ्यावर जायचा दिवस उजाडला. या सगळ्यात बरेच दिवस गेले होते आणि बाबांची नजर तोवर आणखी उतरली होती. समोरचा माणूस आवाजावरून ओळखावा लागे. मेहुण्याने मित्राची जीप मागून आणली होती आणि ती दुसऱ्या दिवशी पहाटेच परत द्यायची होती. म्हणजे जे व्हायचे ते आजच.

आणि ड्रायव्हरसाहेब मला घेऊन गल्लीतच अडकले! मला मागे घ्यायचे तर स्टिअरिंग उलटे फिरवावे लागते. गाडी डावीकडे तर मी उजवीकडे. आदल्या दिवशी मेहुणा म्हणाला होता, "भाऊजी, मैदानावर जरा सराव करा." त्यावर यांचे उत्तर, "अरे, मी बस चालवतो, बस!" आता मी कधी भिंतीकडे, कधी शेजाऱ्यांच्या पायरीकडे. माझा इलाज नव्हता हो, मी वळवले तिकडे वळतो. शेजारीपाजारी खिडक्यांतून सल्ले देऊ लागले. साहेब घामाघूम. शेवटी त्यांनी कानाला खडा लावला, मेहुण्याचे ऐकले आणि सावकाश मला बाहेर काढले. पण अर्धा दिवस गेला तो गेलाच.

पुढचा रस्ता आम्ही भरधाव कापला. तळ्याच्या उतारावर पोचलो तेव्हा सूर्य टेकला होता. साहेबांनी मला सरळ पाण्याच्या दिशेने मागे न्यायला सुरुवात केली, तोच मेहुणा आडवा आला.

"थांबा! चाकांचे तुंबे, बेअरिंग बसलेत ते, तापलेत. असेच गार पाण्यात गेले तर आतली हवा आकसेल आणि पाणी आत ओढून घेईल. ग्रीस खराब, बेअरिंग खलास."

"अरे, उजेड चाललाय!" साहेब ओरडले. "बाबांना दिसणार कसं? जाऊ दे बेअरिंग, पुन्हा आणू!"

मित्रांनो, मला विचाराल तर माझेही म्हणणे तेच होते. बुडवा मला, काय व्हायचे ते होवो. बाबा जीपमधून उतरले. चाचपडत माझ्यापाशी आले आणि माझ्या चाकावर त्यांनी हात ठेवला.

"चांगलाच तापलाय," ते म्हणाले. "थांबू या."

"बाबा, पण तुमचे डोळे..."

"माझ्या हत्यारांचं मी कधी वाटोळं केलं नाही. आता जाता जाता करू? भंगारातून उठून आला बिचारा, आपलं ओझं घेऊन. निवू दे त्याला."

आणि ते माझ्या चाकाला हात लावून तिथेच बसून राहिले. आजवर मला कोणी बादलीभर पाणी दिले नव्हते, आणि हा माणूस माझ्यासाठी आपला शेवटचा उजेड खर्च करत होता. मी लोखंडाचा, निवायला वेळ लागतो. त्या संध्याकाळी मला त्याचे फार वाईट वाटले.

चाके गार झाली तेव्हा सूर्य गेला होता. मी पाण्यात उतरलो, दोर सुटला आणि होडी अलगद माझ्या पाठीवरून निघाली. तरंगली! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाबा काठावर उभे राहून मान इकडून तिकडे करत होते.

"कुठाय?" त्यांनी विचारले. टाळ्या थांबल्या.

सूनबाई एकदम जीपकडे धावल्या. "अहो, उलटा गिअर टाका!"

"वेडी का काय? जीप पाण्यात जाईल!"

"ब्रेक दाबून धरा आणि टाका! याचे मागचे दिवे लागू देत!"

माझ्या शेपटीला दोन उंच दांड्या आहेत. पाण्यात बुडू नयेत म्हणून दिवे त्यांवर बसवलेले. भंगारात निघालेल्या बसचे दिवे साहेबांनीच डेपोतून आणून लावले होते, चांगले ताटलीएवढे. गिअर पडला आणि दोन्ही दिवे लख्ख लागले. काळ्या पाण्यावर पिवळीधमक होडी उजळून निघाली.

बाबा पुढे वाकले. बराच वेळ बघत राहिले. मग त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"नाक जरा वर राहिलंय तिचं," ते म्हणाले. "आणि डावीकडे किंचित कललीये. पुढच्या बाकाखाली वजन ठेवा."

ड्रायव्हरसाहेबांनी जीपमधूनच विचारले, "कललेली दिसली तुम्हाला?"

"दिसते म्हणजे काय! मी केलीये ती."

सूनबाई हसता हसता रडू लागल्या. साहेबांचा पाय ब्रेकवर होता, म्हणून ते जागेवरच बसून रडले.

त्या गोष्टीला आता काळ लोटला. बाबांना आता दिसत नाही. पण सुट्टीच्या दिवशी होडी तळ्यावर निघाली की ते बरोबर असतातच, आणि परत आल्यावर गोड्या पाण्याची नळी सूनबाई त्यांच्याच हातात देतात. मित्रांनो, तुमच्याकडेही एखादी वस्तू असेल, काम करून दमलेली, कोपऱ्यात पडलेली. तिला पुसा, धुवा, तेल घाला, आणि तापली असेल तर थोडे थांबा. माझ्यासाठी एक माणूस थांबला होता, म्हणून मी हे सांगू शकतो. अजूनही उतारावर पोचलो की बाबा आधी खाली उतरतात, चाचपडत माझ्यापाशी येतात, चाकावर हात ठेवतात आणि विचारतात, "निवलास का रे?"