मोठीच्या हातचं मीठ

बायपास झालेल्या सासऱ्यांचं पथ्य ऐकताना मोठ्या सुनेच्या अंगाचा तिळपापड झाला. का होऊ नये? लग्न होऊन आल्यापासून त्या घरातली चूल तिची, आणि डॉक्टरीणबाई बघत होत्या परदेशातून आलेल्या धाकट्या सुनेकडे.

"तुमच्या देशात हृदयविकार आपल्यापेक्षा कितीतरी कमी," त्या धाकटीला म्हणाल्या. "खरा फरक ताटाचा आहे. भाज्या, कडधान्यं, मासे भरपूर. मीठ आणि तळण नावाला. तिकडची माणसं इकडे येऊन आपल्यासारखं जेवायला लागली की त्यांनाही आपलंच दुखणं जडतं. यांचं जेवण आता तुम्हीच बघा."

झालं! म्हणजे म्हाताऱ्याचं काळीज बिघडवलं कुणी? मोठीनं. तोंडानं कुणी बोललं नाही, पण तिला लख्ख ऐकू आलं.

सासरे बसचे ड्रायव्हर होते. ड्युटीवरून आले की दारातूनच हाक यायची, "आज काय केलंस गं मोठे?" माहेर तुटल्याचं दुःख ती या एका हाकेवर विसरली होती. आता ते मुकाट्यानं येऊन बसत आणि धाकटीनं पुढे ठेवलेलं मुकाट्यानं गिळत. बरं, ही धाकटी परमुलखातली असून वाईटही नव्हती मेली! दिवसभर "ताई, ताई" करत मागे असायची. तिच्याशी भांडायचं तरी कशावरून?

त्यात सासरे एक दिवस न थांबता तीन जिने चढून आले.

"धाकटीची कमाल आहे हं!" मोठीचा नवरा म्हणाला. बायकोच्या हातचं खाऊन बोटं चाटणारा नवरा! मोठीला वाटलं, पातेलंच घालावं याच्या डोक्यात.

रविवारी धाकटी कपडे वाळत घालायला गॅलरीत गेली. शेगडीवर सासऱ्यांची भाजी रटरटत होती. मोठीनं मिठाच्या बरणीत हात घातला. एकदा तोंड वाकडं करून ताट सरकवू देत, मग कळेल सगळ्यांना. तिनं मूठ भरली, पण हात सवयीचा. पूर्वी रोज जेवढं पडायचं तेवढंच पडलं आणि मूठ मिटली.

सासऱ्यांनी पहिला घास घेतला आणि थांबले. मग मान खाली घालून भराभरा जेवले.

"वाढ अजून."

धाकटीचा चेहरा फुलला. "आवडलं?"

"आज जमलंय बघ."

मीठ मोठीचं, कौतुक धाकटीचं! वाढ, वाढ अजून, मोठीनं मनात म्हटलं. तेवढ्यात तिची नजर टेबलाखाली गेली. सासऱ्यांचे पाय चपलांत सैल बसले होते. आजारपणात हेच पाय सुजून टम्म झाले होते, बोट दाबलं की खड्डा पडायचा. तिनंच तर ते मांडीवर घेतले होते.

तिनं त्यांच्या पुढ्यातलं ताट ओढलं.

"नका खाऊ. मीठ टाकलंय मी. मुद्दाम."

धाकटीचा डाव हातातच राहिला. नवरा तोंड उघडून बघत बसला.

"कळलं मला," सासरे म्हणाले. "पहिल्या घासालाच. तुझा हात मी ओळखणार नाही होय?"

"मग खात का होतात?"

"म्हटलं, परत काही तू टाकायची नाहीस. शेवटचं खाऊन घ्यावं."

मोठीला हुंदका आवरेना. ती पातेलं उचलून आत गेली आणि भाजी ओतून दिली. मागोमाग धाकटी आली. तिनं दोन कांदे काढले, एक आपल्याकडे ठेवला आणि एक मोठीपुढे सरकवला.

बाहेरून हाक आली, "काय करताय गं दोघी?"

ते 'दोघी' मोठीला बोचलं. पण भाजी शिजत आली तेव्हा तिनं मिठाची बरणी उघडली, चमचा धाकटीपुढे धरला आणि विचारलं, "किती?"