मारव्यातला षड्ज

"पुन्हा एकदा लाव," अनंतराव म्हणाले. "ग्वाल्हेरचं संपलं की लगेच भोपाळचं. आणि मधे बोलू नकोस."

लॅपटॉपवरचं ग्वाल्हेरचं संपताच विक्रांतने जुन्या टेपरेकॉर्डरचं बटण दाबलं आणि त्याच्या वडिलांचा, कैलासवासी मनोहरबुवा शेवड्यांचा मारवा कोलार रोडच्या त्या नव्याकोऱ्या फ्लॅटमध्ये पुन्हा सुरू झाला. बुवांच्या निवडक गाण्यांचा संच निघायचा होता. एका रागाचं एकच रेकॉर्डिंग घ्यायचं ठरलं होतं, आणि मारव्याची निघाली दोन. ग्वाल्हेरच्या मैफलीचं विक्रांतकडे होतं. इथल्या, भोपाळच्या मराठी मंडळींसमोर झालेल्या मैफलीची एकुलती एक कॅसेट अनंतरावांनी इतकी वर्षं कपाटात जपली होती. दोन्हींतलं कोणतं घ्यायचं, हे सांगायलाही त्यांनाच बोलावलं होतं, कारण बुवांना पेटीवर साथ करणारा दुसरा कुणी आता उरला नव्हता.

अनंतराव देवपुजारी जलसंसाधन खात्यात कारकून होते. दिवसा फायली आणि संध्याकाळी पेटी, अशी उमेदीची सगळी वर्षं गेली. पेटीवाल्याची गत सासुरवाशिणीसारखी. पुढे गेला तर आगाऊ, मागे राहिला तर मठ्ठ, आणि सगळं नीट पार पडलं तर त्याची आठवणही कुणाला राहत नाही. गवई दम घ्यायला थांबतो तिथे गाण्याला भोक पडतं. ते पेटीवाल्याने बुजवायचं आणि बुजवल्याचं कळू द्यायचं नाही. अनंतरावांनी हे काम इतकं चोख केलं, की निवेदक कित्येकदा त्यांचं नाव घ्यायचंच विसरत. छापून तर ते कधीच आलं नव्हतं. या संचावर येणार होतं. विक्रांतने फोनवर तसं कबूल केलं होतं, आणि त्यांच्या पत्नीने, अलकाताईंनी, सकाळी त्यांचा झब्बा दोनदा इस्त्री करून दिला होता.

टेप थांबली.

"इथलंच घे," अनंतराव म्हणाले. "ग्वाल्हेरचं सुबक आहे, पण गार आहे. बुवा जपून गायलेत तिथे. इथे ऋषभावर कसे रेंगाळतात बघ. असे ते पुन्हा गायले नाहीत."

"आणि तो षड्ज, काका! अंगावर काटा येतो."

त्या षड्जाबद्दल भोपाळच्या मराठी घरांत अजून बोललं जातं. मारव्यात गवई षड्जाला मुद्दाम टाळत राहतो आणि ऐकणारा त्याच्यासाठी कासावीस होतो. त्या संध्याकाळी बुवांनी लोकांना मनसोक्त ताटकळत ठेवलं आणि मग वरच्या षड्जावर जे जाऊन उभे राहिले, ते हललेच नाहीत. माणसं रडली होती.

"मग पक्कं," विक्रांत खुशीत म्हणाला. "आता फक्त पेटी काढून टाकतो."

"काढून म्हणजे?"

"सॉफ्टवेअर आहे न. आवाज अलग, तबला अलग, पेटी अलग. मतलब फक्त बाबा, तबला आणि तानपुरा ठेवायचा. एकदम प्युअर."

"राहू दे की पेटी. तिने काय केलंय?"

"पूरा संच तसाच करतोय न, काका. ग्वाल्हेरची पेटी पण जाणार. तुमचं नाव टाकू न आपण, आभारात."

आभारातल्या नावाचं दुःख नंतरही करता आलं असतं. आत्ता अनंतरावांना भीती दुसरीच होती. त्या षड्जावर पोचता पोचताच बुवांचा आवाज फाटला होता. दम्याने तेव्हा त्यांना गाठलं होतं आणि त्यांनी ते घरातही सांगितलं नव्हतं. हात वर, डोळे मिटलेले, तोंड उघडं, आणि गळ्यातून नुसती हवा. अनंतरावांनी भाता सांभाळत स्वर उचलून धरला, बुवांच्याच आवाजाच्या वजनाने, त्यांचा दम परत येईपर्यंत. लोक रडले ते पेटीवर. बुवांनी त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. पुढच्या मैफलीपासून पेटीचा माईक मात्र लांब ठेवायला लावला.

आता पेटी काढली की तिच्याखाली घरघर सापडणार होती.

"ग्वाल्हेरचं घे," ते एकदम म्हणाले.

"अरे! आत्ता तर गार म्हणालात."

"म्हणालो असेन. स्वच्छ आहे ते. तेच घे."

"पेटी काढतोय म्हणून बुरं वाटलं का तुम्हाला?"

ही पळवाट विक्रांतनेच दाखवली, आणि अनंतरावांना दुसरी दिसेना. खरं सांगितलं असतं तर बुवा उघडे पडले असते, आणि गप्प बसलं असतं तर त्या यंत्राने तेच केलं असतं.

"वाटलं," ते आवाज चढवून म्हणाले. "माझी पेटी नको असेल तर माझी कॅसेटही नको." त्यांनी टेपरेकॉर्डरचं झाकण उघडलं, कॅसेट काढली आणि झब्ब्याच्या खिशात घातली. पोह्यांच्या बशा घेऊन आलेली पल्लवी, विक्रांतची बायको, दारातच थबकली.

"काका, तुमच्याकडून ही उम्मीद नव्हती," विक्रांत म्हणाला. तो चिडला नव्हता, त्याला किळस आली होती, आणि ते जास्त लागलं. "बाबांचं इतकं मोठं गाणं तुम्ही तुमच्या पेटीपायी दाबून ठेवणार? बाबा सही सांगायचे. म्हणायचे, अनंता हाताने बरा आहे, पण त्याला फार जवळ करू नका. एक दिवस त्याला वाटायला लागेल की गाणं तोच गातो."

अनंतरावांचं एक वाक्य पुरलं असतं. ते ओठांपर्यंत आलंही. खिशातली कॅसेट लावून, पेटी काढून दाखव म्हटलं असतं, तर वाक्याचीही गरज नव्हती. इतका संताप त्यांना उभ्या आयुष्यात कुणाचा आला नव्हता, आणि तो विक्रांतचा नव्हता.

"असं म्हणायचे?" त्यांनी विचारलं.

"हमेशा."

"बरं," ते म्हणाले. "निघतो."

पोहे खाऊन जा, असं पल्लवी पुटपुटली, पण नवऱ्याकडे बघून तिने पुन्हा म्हटलं नाही. दाराशेजारच्या भिंतीवर बुवांचा मोठा फोटो होता, चंदनाचा हार घातलेला. चपला पायांत सरकवून अनंतराव वळले, आणि इतक्या वर्षांच्या सवयीने त्यांचे हात फोटोपुढे जोडले गेले. जोडल्यावर ते त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी ते झटक्याने सोडवले आणि लिफ्टची वाट न पाहता जिन्याचा कठडा धरून खाली उतरू लागले.