सातव्या मिनिटाला

नळानं खर्रर्र करून हवा सोडली आणि सकाळभर गप्प असलेलं घर दचकलं.

"रत्ना, पाणी आलं गं. मोटर लाव," तिच्या सासूबाई, वच्छलाबाई, न्हाणीतून म्हणाल्या.

"आत्याबाई, वीस मिनिटं थांबा ना."

"पाणी थांबतं व्हय? आठ दिसांनी आलंय. तुझ्या डब्याला सांग की थांबायला."

डबा म्हणजे भिंतीशी घरघरणारा रत्नमालेचा जुना कॉम्प्युटर. मोटर लावली की घरातले दिवे मान टाकत आणि तो बंद पडे. लेक झाल्यापासून ती घरूनच एका दवाखान्याचं नेटवर्क सांभाळत होती. तिथल्या लिनक्सच्या फायरवॉलला, म्हणजे नेटवर्कच्या दारावरच्या पहाऱ्याला, तिनं सांगून ठेवलेलं: खोटे पासवर्ड मारत बसणाऱ्याला दहा मिनिटं दारातच अडव. ते सातव्याच मिनिटाला त्याला सोडून देई. "लेकरू मांडीवर घेऊन आकडे टाकल्यावर दुसरं काय होणार, मॅडम?" तिचे साहेब, विश्वजीत सर, सगळ्यांदेखत म्हणाले होते.

तिनं आकडे शंभरदा तपासले. वेळ मोजण्यात फायरवॉलच चुकत होतं. लेक ज्ञानू झोपली की हाती लागेल त्या अर्ध्या तासात तिनं ती चूक पकडली, ते फायरवॉल लिहिणाऱ्यांना कळवली. आज त्यांच्यातल्या एका परदेशी माणसानं दुरुस्ती पाठवली होती: तुमच्याकडं चालवून बघा, मगच पक्की करतो. तिनं दहा-दहा मिनिटांच्या दहा फेऱ्या लावल्या. आठ नीट झाल्या होत्या. मधेच डबा बंद पडला तर पुन्हा पहिल्यापासून.

वच्छलाबाई न्हाणीतून येऊन पडद्यावरच्या पळत्या आकड्यांकडं बघत राहिल्या. "ह्यातून तुझी चूक नाय, असं निघंल का?"

"निघेल, आत्याबाई."

"मग मरू दे मोटर." त्यांनी पदर खोचला आणि करंगळीएवढ्या धारेखाली बादली सरकवली.

रत्नमाला एक हंडा ओती, धावत येऊन आकडे बघे, पुन्हा नळाकडं पळे. नववी फेरी झाली. दहावी. सातवं मिनिट गेलं, दार बंदच. आठ. नऊ. बरोबर दहाला उघडलं. ओल्या बोटांनीच तिनं त्या परदेशी माणसाला कळवलं: तपासलं, दुरुस्ती बरोबर आहे. मग साहेबांना फोन लावला.

"बरं झालं, मॅडम," ते म्हणाले. "पण सोमवारपासून हे काम ऑफिसातल्या सत्यमकडं दिलंय. सांगायचं राहूनच गेलं."

"हो सर. सॉरी सर."

तिनं फोन ठेवला. ज्ञानू उठून, केस विस्कटलेली, ओल्या फरशीवर उभी होती.

"आई, आजी म्हणती तुझी चूक नव्हती. मग तू सॉरी का म्हणली?"