आयरिशसाठी वेगळा नंबर

मित्रांनो, मी एका सरकारी कचेरीतला जुना टेलिफोन आहे. माझा रंग एकेकाळी सायीसारखा होता. आता तो चहात बुडवलेल्या पावासारखा झाला आहे. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एका गावात, फायलींच्या लोखंडी कपाटावर माझी जागा आहे. जुन्या वस्तू आपली कहाणी सांगताना उसासे टाकतात, असे तुम्ही ऐकले असेल. मला उसासे टाकता येत नाहीत. मला फक्त वाजता येते, आणि गेली कित्येक वर्षे मी रागाने वाजतो आहे.

कारखान्यातून निघालो तेव्हा आम्ही शेकडो भावंडे होतो. कोणी हॉटेलात गेले, कोणी पोलीस ठाण्यात. त्यांना सगळ्या भाषा चालत. माझ्या कपाळावर मात्र एक हिरवी पट्टी चिकटवली गेली. तिच्यावर एकच शब्द होता : आयरिश. ही देशाची पहिली भाषा आहे, असे घटनेत लिहिलेलेच होते. पण सरकारी कचेरीत जाऊन तिच्यातून कोणाला काम करून घेता येत नव्हते. मग त्यासाठी कायदा झाला आणि त्या कायद्यापोटी मी आलो. मंत्रिमहोदय माझ्या स्वागताला आले. त्यांनी माझा रिसीव्हर कानाला लावला आणि फोटोवाल्याकडे पाहून ते गोड हसले. पलीकडे कोणीच नव्हते. माझी तार अजून जोडायची होती.

तार जोडली गोबनेटने. म्हणजे तिनेच तीन वेळा अर्ज करून जोडून घेतली. गोबनेट ही आमच्याच कचेरीतली कारकून, दक्षिणेकडच्या केरी जिल्ह्यातली, पन्नाशीची, आवाजाने खणखणीत बाई होती. माझी पहिली आठ वर्षे तिच्या हाताखाली गेली आणि त्या वर्षांबद्दल माझी काहीही तक्रार नाही. किनाऱ्यावरची आणि बेटांवरची माणसे पहिल्यांदा फोन करत, तेव्हा दबकत बोलत. सरकारशी इंग्रजीतच बोलायचे, ही सवय त्यांच्या आजोबांपासूनची. गोबनेट ती सवय दोन मिनिटांत मोडत असे.

“कोण बोलतंय?”

“बार्टली.”

“अहो, बेटावर बार्टली खंडीभर आहेत. कुणाचा बार्टली?”

“टॉमचा. टॉम मिकचा.”

“हां, मग असं सांगा की! बोला, बार्टली टॉम. पण जरा सावकाश. तुम्हा बेटावाल्यांचं आयरिश म्हणजे तोंडात गरम बटाटा धरून बोलल्यासारखं.”

“आणि तुम्हा केरीवाल्यांचं म्हणजे गाणं म्हणत भांडल्यासारखं!”

मग दोघेही हसत आणि बोटीच्या परवान्याचे काम होऊन जात असे.

पण मित्रांनो, गोबनेटला माझ्यासाठी नेमलेले नव्हते. तिचे स्वतःचे टेबल होते, स्वतःच्या फायली होत्या. मी तिच्या डोक्यावर वरून ठेवलेला बोजा होतो. आयरिशमध्ये पत्र आले की गोबनेटकडे, पाटीवरचा मजकूर तपासायचा तो गोबनेटने, मंत्र्यांच्या भाषणातली शेवटची दोन आयरिश वाक्ये लिहायची तीही गोबनेटनेच. दुपारचा डबा ती पुष्कळदा तसाच परत नेत असे. आणखी एक माणूस द्या, असे तिने वर्षानुवर्षे लिहिले. उत्तर येई : आपल्या भाषाप्रेमाबद्दल आभार.

ती निवृत्त झाली. तिच्या जागी कोणी आले नाही. माझ्याशेजारी निरोप टिपून ठेवणारी एक पेटी जोडली गेली आणि जाण्याच्या दिवशी गोबनेटकडूनच तिच्यात आवाज भरून घेतला गेला : “तुमचा निरोप सांगा. आम्ही तुम्हाला लवकरच फोन करू.” बाई केरीला पोहोचलीसुद्धा, तिचा आवाज मात्र इथे खोटे आश्वासन देत राहिला. तिच्या आवाजाला खोटे बोलायला लावले, याचा मला अजून संताप येतो. पेटीत तीस निरोप मावत. ते कोणी ऐकत नसे. आणि दरवर्षी कचेरीच्या अहवालात हॅनरटी मॅडम, म्हणजे आमच्या मुख्य अधिकारी, “आयरिश सेवा उपलब्ध आहे का?” या प्रश्नापुढे “होय” अशी खूण करत. त्यांच्या हिशेबी मी कपाटावर होतो, म्हणजे सेवा होती.

आता अल्टनबद्दल सांगतो. अल्टन हा माझ्यापासून चार हातांवर बसणारा कारकून. चाळिशीचा, शांत, कामाला चोख. एकदा त्याच्या टेबलावरच्या फोनवर त्याच्या आईचा फोन आला. त्याने इकडेतिकडे पाहिले, तोंडावर हात धरला आणि तो कुजबुजला. अस्खलित आयरिश! शाळेतले घोकलेले नव्हे. पाळण्यात ऐकलेले. म्हणजे मी वाजत होतो तेव्हा या माणसाला उत्तर देता येत होते, आणि तो खाली मान घालून शिक्के मारत होता. त्या दिवसापासून माझा निम्मा राग मी त्याच्यासाठी राखून ठेवला.

मग वसंतात बार्टली टॉमचा निरोप आला. इतक्या वर्षांनी आवाज थकला होता.

“गोबनेट, तू आता तिथं नाहीस म्हणतात, पण आवाज तुझाच आहे म्हणून बोलतो. बॅबिनला, माझ्या बायकोला, विस्मरणाचा आजार झालाय. इंग्रजी तिला कामापुरतं येत होतं, ते सगळं गेलंय. आयरिश राहिलंय. तिला घरी मदतीला बाई मिळावी म्हणून अर्ज केलाय. तुमचा माणूस तपासणीला येणार आहे. तेवढा आयरिश येणारा पाठवा. बाकी काही नको.”

तो निरोप पेटीत पडला. कोणी ऐकला नाही.

दुसरा निरोप तीन आठवड्यांनी आला. या वेळी तो चिडलेला होता.

“आला होता तुमचा माणूस! हातात छापील कागद, सगळं इंग्रजीत. विचारतो काय, आज वार कोणता? बॅबिन म्हणाली, ‘गुरुवार, आणि तू दार उघडं टाकलंयस, कोंबड्या आत येतील.’ बरोबर होतं की नाही? गुरुवारच होता! आणि कोंबड्याही आल्या! याने काय लिहिलं ठाऊक आहे? ‘उत्तर देत नाही. असंबद्ध बडबड.’ मी म्हटलं, मी सांगतो तिचं म्हणणं. तर म्हणे, घरच्या माणसाने सांगितलेलं धरता येत नाही. आता फेरतपासणी करा आणि बोलणारा माणूस पाठवा. ऐकताय का कोणी?”

मी ऐकत होतो. पण माझे ऐकणे सरकारदरबारी चालत नाही.

तिसरा निरोप सर्वांत लहान होता. “घरी ठेवण्यापलीकडे गेली, असं ठरवून तिला नेलं. किनाऱ्यावरच्या वृद्धाश्रमात. बोट असेल त्या दिवशी मी जातो. तिथल्या पोरी चांगल्या आहेत, केस विंचरतात. पण तिच्याशी बोलायला एकही नाही. ती माझी वाट पाहते बोलायला.”

त्यानंतर पेटी भरली. भरलेली पेटी फोन उचलत नाही. मी नुसता वाजत राहिलो. माझ्या आवाजाचा त्रास होतो अशी तक्रार झाली, म्हणून कोणीतरी माझी घंटी अगदी बारीक केली.

जून महिन्यातल्या एका सकाळी बार्टली टॉम स्वतः आला. मी त्याला कधी पाहिले नव्हते, पण तोंड उघडताच ओळखले. ठेंगणा, लालसर चेहऱ्याचा, लग्नाला घालायचा कोट घातलेला म्हातारा. पहाटेची बोट आणि दोन बस करून आला होता. खिडकीवर त्याने आयरिशमधून सांगायला सुरुवात केली.

“सॉरी, इंग्रजीत बोला ना,” खिडकीवरची मुलगी अवघडून म्हणाली.

“मला येतं इंग्रजी,” तो इंग्रजीत म्हणाला. “तुझ्याइतकंच येतं. पण आज नाही बोलणार. माझ्या बायकोला तिच्या भाषेची सवलत दिली का तुम्ही?” आणि पुढचे सगळे पुन्हा आयरिशमध्ये.

हॅनरटी मॅडम बाहेर आल्या. आवाज मऊ ठेवून म्हणाल्या, “आजोबा, आयरिशसाठी आमचा वेगळा नंबर आहे. त्यावर फोन करा. तिथे तुमची पूर्ण व्यवस्था होईल.”

बार्टलीने शांतपणे खिशातून मोबाईल काढला. चष्मा लावला. एकेक आकडा दाबला.

मी वाजू लागलो.

आवाज बारीक होता, पण कचेरीतली माणसे हळूहळू गप्प झाली आणि मग तो सगळ्यांना ऐकू येऊ लागला. रांगेतल्या एका बाईने कपाटाकडे बोट दाखवले. “तोच वाजतोय की हो! तो काय, तिथे वर!” कोणीतरी हसले. मॅडमचा चेहरा पडला. खिडकीवरची मुलगी उठली, माझ्यापर्यंत आली आणि तशीच थांबली. उचलून बोलायचे काय? तेरा वर्षे शाळेत शिकलेली भाषा तिच्या घशात अडकली होती. मी वाजतच होतो. आयुष्यात मी इतक्या जोराने वाजायची इच्छा कधी धरली नव्हती.

बार्टली मोबाईल कानाला धरून उभा होता. तो कोणाकडेही पाहत नव्हता. वाट पाहत होता, इतकेच.

अल्टन उठला. चार हात चालून आला आणि त्याने मला उचलले.

“हॅलो,” तो आयरिशमध्ये म्हणाला. “बोला.”

“कोण तू?” म्हातारा मोबाईलमध्येच बोलत होता, पण नजर त्याच्यावर रोखून. “हे तर खरं आयरिश. कुठला तू?”

“माझी आई इथल्याच किनाऱ्यावरची.”

“किती वर्षं बसतोस इथं?”

“अकरा.”

“म्हणजे माझे फोन आले तेव्हा होतास.”

“होतो.” अल्टनचा आवाज माझ्या तारेत थरथरत होता. “गोबनेटचे हाल मी पाहिलेत. तिला आयरिश येतं म्हणून दोघांचं काम तिच्या एकटीवर टाकलं. मला येतं हे कळलं असतं तर माझंही तेच झालं असतं. म्हणून गप्प बसलो.”

“तू गप्प बसलास,” बार्टली म्हणाला. “तुला बसता आलं. माझी बॅबिन गप्प बसली नव्हती रे. ती बोलत होती. तिने सगळ्या प्रश्नांची उत्तरं दिली. आणि आता त्या खोलीत तीसुद्धा गप्प झालीय. गेल्या चार फेऱ्यांत एक शब्द नाही.”

 रिसीव्हर तसाच धरून अल्टन रडला, सगळ्या रांगेदेखत. मग त्याने कागद ओढला आणि लिहायला घेतले.

त्याने काय केले तेही सांगतो, कारण रागाच्या भरात खरे लपवू नये. पेटीतले तीसही निरोप त्याने ऐकले आणि प्रत्येकाला फोन केला. दोघे तोवर वारले होते. बॅबिनसाठी त्याने डोनेगलची एक आयरिश बोलणारी नर्स शोधून काढली आणि मॅडमच्या समोर उभे राहून फेरतपासणीवर सही घेतली.

काही दिवसांनी मी वाजलो आणि अल्टनने पहिल्या घंटेला उचलले.

“झाली तपासणी,” बार्टली म्हणाला. “नर्स भली बाई. तिचं उत्तरेकडचं आयरिश बॅबिनला निम्मंच कळलं. पण निम्मं पुरलं. दोन तास बसली बिचारी. बॅबिनचं तोंड काही उघडेना. शेवटी म्हणाली, ‘तुझा चहा गार झाला.’ मग थांबेचना. आपल्या आईचं नाव सांगितलं, बोटींची नावं सांगितली. घरी आणलंय तिला. मदतीची बाईही येते.”

“फार बरं झालं!” अल्टन म्हणाला.

“हो.” मग म्हातारा म्हणाला, “नेली तेव्हा मला ओळखत होती, पोरा. आता घरी आहे, बोलते, हसते. पण मी कोण ते तिला माहीत नाही. मला म्हणाली, तुम्ही भले गृहस्थ दिसता, घरी कुणी वाट बघत असेल ना?”

वृद्धाश्रमातले ते अकरा आठवडे, मित्रांनो, कोणत्या अर्जाने परत मिळतात? हा प्रश्न मी कोणाला विचारू? माझ्या तारेतून प्रश्न येतात. जायची सोय नाही.

मॅडमनी राजधानीला पत्र लिहिले. तेवढे त्यांनी मनापासून केले. उत्तर आले की सेवेची फेररचना मंजूर झाली आहे. नवा माणूस मिळणार नाही; अल्टनने आपले काम सांभाळून मंगळवारी आणि गुरुवारी दहा ते एक आयरिश फोन घ्यावेत. भाषेच्या पंधरवड्यात मला कापसाने पुसले, शेजारी फुले ठेवली, आणि वर्तमानपत्रात माझे छायाचित्र छापून आले.

मित्रांनो, तुमचीही एक भाषा आहे. तिच्या नावाने कोणी पाटी लावली, दिवस साजरा केला, माझ्यासारखे एखादे यंत्र मांडले, तर टाळ्या जरूर वाजवा. पण मग तिथे जा आणि त्या भाषेत काहीतरी मागा. साधा दाखला मागा. उत्तर देणारा माणूस आहे का ते पाहा. नसेल तर म्हाताऱ्या बार्टलीसारखे खिडकीसमोर उभे राहा आणि हलू नका. आणि तुम्हाला ती भाषा येत असून तुम्ही मान खाली घालून बसला असाल, तर चार हात चालून या. मी तुमच्यावरही रागावलेलो आहे, पण तुम्ही आलात तर मला आनंदच होईल.

पेटी काढून टाकली आहे. बेटांवर आता माझा नंबर पुष्कळांना माहीत झाला आहे. अल्टनचे टेबल आता वरच्या मजल्यावर हलवले आहे; तो तिथे आपल्या दुसऱ्या कामात आहे.

आज बुधवार आहे. मी वाजतो आहे.