नऊ चोऱ्या आणि एक पिशवी

मित्रांनो, मी पोलीस ठाण्यातली एक जुनी नोंदवही आहे. आपली कहाणी सांगताना छाती फुगवायची असते म्हणे. माझी मात्र मानच वर होत नाही.

बाइंडरने मला जाड दोऱ्याने शिवलं, लाल कापडी पाठ लावली आणि माझे दोन भाग केले. पुढचा चोऱ्यांचा, मागचा हरवलेल्या वस्तूंचा. ज्या गल्लीत चोऱ्या जास्त, तिथे गस्तीला शिपाई, असा ठाण्याचा नियम. त्या काळी माझी पुढची पानं इतकी उलटली जात, की कोपरे काळे पडले. लोक म्हणत, "वहीत आलं ना, मग काळजी नाही." मलाही ते खरं वाटे.

मग मिशीवाले नगराध्यक्ष झाले. त्यांना शहर सुरक्षित हवं होतं, निदान कागदावर. हवालदार तक्रार ऐकून माझी मागची बाजू उघडू लागले. सायकल गेली? हरवली. कुलूप तोडून भांडी नेली? हरवली. एकदा तर गजांसकट खिडकीच हरवली. पुढे चष्मेवाले निवडून आले. त्यांनी मिशीवाल्यांचं सगळं बदललं, एवढी पद्धत सोडून.

एका संध्याकाळी शिंपीणमावशी आली. दोन चोरांनी गल्लीत तिची पिशवी हिसकावली होती, उजवा हात पिरगळून मोडला होता.

"पिशवीचं जाऊ द्या, दादा," ती हवालदारांना म्हणाली. "माझी लेक कामावरून त्याच गल्लीतून येते. तिथे शिपाई तेवढा द्या."

हवालदारांनी लिहिलं: पिशवी हरवली. मी ते मुकाट्याने अंगावर घेतलं. चोरीच नाही, त्यामुळे शिपाईही नाही.

परवा निवडणुकीच्या सभेत मला टेबलावर मांडलं.

"माझ्या पाच वर्षांत चोऱ्या फक्त अकरा," मिशीवाले म्हणाले.

"माझ्या पाच वर्षांत नऊ," चष्मेवाले म्हणाले. टाळ्या पडल्या.

मागच्या रांगेतून मावशी उठली. "त्या नवांत मी आहे का, तेवढं बघा."

हवालदारांनी माझी मागची बाजू उघडली. "मावशी, तुमची पिशवी हरवलीय."

"आणि हात? तो काय मी कुठे विसरून आले?"

मिशीवाल्यांनी झटकन तारीख पाहिली. "ही यांच्या काळातली."

"पद्धत तुमची," चष्मेवाले म्हणाले.

अर्धा तास दोघं तारखेवरून भांडले. सभेची वेळ संपली. हाताचं राहूनच गेलं.

ठाण्यात परतल्यावर हवालदारांनी माझं पुढचं पान उघडलं, पेन उचललं, पुन्हा खाली ठेवलं. "निवडणूक होऊन जाऊ दे," ते स्वतःशीच म्हणाले. मला ती कोरी ओळ अजून बोचते.

मित्रांनो, उद्या कुणी माझी कोरी पानं उंच धरून मतं मागितली, तर टाळी वाजवण्याआधी मला मागून वाचा. भर सभेत मला तोंड उघडता येत नाही.

ती लेक अजून त्याच गल्लीतून घरी येते. मावशी गल्लीच्या तोंडाशी उभी असते, डाव्या हातात बॅटरी धरून.